नव्व्याण्णव टक्के हळद

आमच्याकडे लग्नात हळद लावत नाहीत. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा बाकीच्या विधींबरोबर तीही दाराबाहेर गेली, वरणात तेवढी राहिली. बाबा या बाबतीत इतके कडक की चुलत बहिणीच्या लग्नात कुणीतरी हौसेनं हळदीची वाटी काढली, तर ते न जेवता निघून आले होते. अशा माणसाची मुलगी पाच वर्षं रोज संध्याकाळी येरवड्याच्या स्टॉपवर बोटं, नखं आणि कधी कधी कानाची पाळीसुद्धा पिवळी करून उतरत होती. त्यांनी ते सहन केलं, कारण शेवटी तिच्या नावापुढे 'डॉक्टर' लागणार होतं. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात ते अजून कुणाला लागलेलं नव्हतं.

शेजारच्या काकूंना मात्र हे माहीत नव्हतं. एकदा जिन्यात त्यांनी माझा हात धरून उजेडात धरला. "हळद लागली वाटतं? आम्हाला कळवलंही नाहीत."

"अहो काकू, मुलगा अजून विरघळत नाहीये," मी म्हणाले.

काकूंनी ते जाऊन आईला विचारलं, आणि आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण मी खोटं काहीच बोलले नव्हते. माझ्या संशोधनाचा विषयच तो होता. हळदीतलं जे पिवळं औषधी द्रव्य असतं, ते पाण्यात विरघळत नाही. हळद घालून पाणी ढवळा आणि ग्लास ठेवून द्या, थोड्या वेळानं सगळं तळाशी बसलेलं दिसेल. पोटातही तेच. कितीही खाल्लं तरी रक्तात नावाला उतरतं, बाकीचं जसंच्या तसं पुढे जातं. 'पी हळद नि हो गोरी' म्हणणाऱ्यांना ही अडचण बहुतेक ठाऊक असावी. मग करायचं काय, तर ते द्रव्य तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबात विरघळवायचं आणि त्या थेंबाभोवती पॉलिमरचं पातळ कवच बसवायचं. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा दिसणार नाहीत एवढ्या बारीक कुप्या. सर म्हणायचे, उकडीचा मोदक समजा, सारण आत आणि पारी बाहेर, पारी फुटली की तुम्ही नापास.

सर म्हणजे माझे गाईड. कोथरूडच्या एका फार्मसी कॉलेजात त्यांची प्रयोगशाळा होती. पहिल्या मुलाखतीत त्यांनी माझी मार्कशीट पाहिली नाही, पत्ता पाहिला.

"राहता येरवड्याला. भिंतीच्या आतल्या बाजूला की बाहेरच्या?"

"बाहेरच्या, सर. पण तुमच्याकडे पीएचडी करायची म्हणजे आतलीही सवय होईल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अर्जावर सही केली. पुढे पाच वर्षं आम्ही एकमेकांना असंच टोचत राहिलो आणि त्यात आमचं छान चाललं होतं. त्यांच्या तोंडून मिळालेलं सर्वोच्च कौतुक म्हणजे 'वाईट नाही'. ते मिळालं की आम्ही विद्यार्थी घरी फोन करून कळवत असू.

मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी होते. जूनअखेर सर निवृत्त होणार होते. त्याआधी माझा प्रबंध विद्यापीठात गेला तर ठीक, नाहीतर मला कॉलेजातल्या एका मॅडमच्या हाताखाली जावं लागणार, आणि काम किती लांबेल ते देवालाही सांगता आलं नसतं. मला तर तो विचारायलाही उपलब्ध नव्हता. मार्चमध्ये समितीसमोर शेवटचा सेमिनार होता. तो झाला की प्रबंध बांधायला टाकायचा. बाबांनी बाइंडिंगवाला आधीच पाहून ठेवला होता.

आणि फेब्रुवारीत माझे आकडे आले. नव्व्याण्णव टक्के.

हे नव्व्याण्णव कशाचे ते नीट सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. जेवढं औषध घातलं त्यातलं किती कुप्यांच्या आत गेलं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. आता कुपी फोडून आत बघणं किचकट काम. म्हणून आमच्या प्रयोगशाळेची एक जुनी रीत होती, आम्ही तिला वजाबाकी म्हणायचो. तयार झालेलं दुधासारखं पिवळं मिश्रण बारीक गाळणीच्या नळीत घालून यंत्रात गरगर फिरवायचं. कुप्या वर अडकतात, पाणी खाली उतरतं. खालच्या पाण्यात किती औषध आहे ते मोजायचं. ते बाहेर राहिलेलं. एकूणातून ते वजा केलं की उरलं ते आत गेलेलं. सरांनी ही रीत त्यांच्या सरांकडून घेतली होती आणि माझ्याआधीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना दिली होती. माझ्या पाण्यात औषध जवळजवळ नव्हतंच. एक टक्का, तोही मशीन ओढून-ताणून दाखवत होतं.

सरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "वाईट नाही." मी त्याच दुपारी अर्धा किलो पेढे आणले.

पेढा घेऊन मी मावशींकडे गेले. मावशी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या बाई. वारज्याच्या पुढच्या एका गावातून यायच्या, जे गाव आता महापालिकेत आलंय पण मावशींच्या बोलण्यात अजून आलेलं नाही. बावीस वर्षं त्या त्याच बेसिनपाशी उभ्या होत्या. बीकर, फ्लास्क, चंबू, ढवळायची ती छोटी चुंबकाची गोळी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. माझ्या काचेपायी त्यांचीही बोटं पिवळी झालेली असायची.

"कशाचा पेढा?"

"मावशी, नव्व्याण्णव टक्के औषध आत गेलं."

त्यांनी पेढा तोंडात टाकला, हात पुसले आणि अगदी सहज विचारलं, "नव्व्याण्णव आत गेलं, मग मी रोज काय घासतीय?"

मी हसले. म्हणाले, "मावशी, ते वेगळं असतं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढचा बीकर घेतला.

वेगळं कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं. बसमध्ये बसल्यावर ते डोक्यात शिरलं आणि पुण्याच्या ट्रॅफिकनं विचार करायला भरपूर वेळ दिला. औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून तर पाच वर्षं ही उठाठेव चालली होती. मग ते कुपीत गेलं नाही तर काय पाण्यात जाऊन बसणार होतं? ते काचेला चिकटणार, चुंबकाला चिकटणार, गाळणीवर कुप्यांशेजारी गपचूप बसून राहणार. पाण्यात ते सापडणारच नव्हतं. आणि आम्ही पाण्यात नाही म्हणजे आत आहे, असं धरून चाललो होतो. कॅन्टीनमध्ये कुणी दिसत नाही म्हणजे झाडून सगळी मुलं वर्गात आहेत, असं म्हणण्यासारखं होतं ते. माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला, आणि शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली.

आता एखाद्या सज्जन मुलीनं दुसऱ्या दिवशी जाऊन सरांना सांगितलं असतं. मी तशी नाही. माझ्यासमोर जून महिना होता. मी ठरवलं की मावशींना पिवळं दिसलंच नाही तर त्या विचारणारच नाहीत. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते, आणि हसूही येतं.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी भांडी स्वतः धुवायला लागले. थोडं ॲसिटोन टाकलं की पिवळं चटकन निघतं. मावशींनी चकचकीत बीकर उचलला, उजेडात फिरवला आणि म्हणाल्या, "आज सूर्य कुठनं उगवलाय?"

"मावशी, तुम्हाला किती त्रास द्यायचा."

"पाच वर्सं दिलासा की."

मग मला वाटलं, धुणं जरा जास्तच उघड दिसतंय. म्हणून मी टिश्यू पेपरनं पुसून घेऊ लागले. पण कचऱ्याची बादलीही मावशीच रिकामी करायच्या. दोन दिवसांनी त्या बादली हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. बादलीत पिवळ्याधमक कागदांचा ढीग होता.

"पोहे सांडले होते," मी म्हणाले.

"इथं पोहे खाऊ ने अशी पाटी हाय," मावशी म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर मी ते कागद पिशवीत भरून घरी न्यायला लागले. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं माझं झालं. बाकी कुणाला काही पडलेलं नव्हतं, मीच आपली चोरासारखी इकडं तिकडं बघत होते. तिसऱ्या दिवशी आईला डब्याच्या पिशवीत ते कागद सापडले. ती बाबांना हाक मारून म्हणाली, "अहो, ही आता हळद नुसती लावत नाही, साठवायलाही लागलीय." बाबांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "सबमिशन जूनमध्येच ना?" मी हो म्हणाले.

शेवटी मावशींनीच मला धरलं. मी एकदा घाईत यंत्रावर नमुना लावायला गेले आणि बीकर तसाच राहिला. परत येते तर तो माझ्या टेबलावर होता, न धुतलेला, आत चुंबकाची गोळीही तशीच, आणि वरून खालपर्यंत चांदीच्या कागदात नीट गुंडाळलेला. स्वयंपाकघरातली फॉइल असते, तोच कागद.

"हे कशाला गुंडाळलंत?"

"उन्हात हळदीचा डाग उडतो. लुगड्याचा उडतो तर काचेचा उडंल. मग तुम्ही म्हणाल, नव्हतंच."

उजेडात ते द्रव्य खराब होतं, हे मी माझ्या प्रबंधात चार पानं लिहून सिद्ध केलं होतं. ती चार पानं मावशींनी एका वाक्यात संपवली, आणि वर पुरावा जपून ठेवला. मी खुर्चीत बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. माझं सगळं सुरळीत चाललेलं असताना यांना कुणी सांगितलं होतं बघायला? भांडी धुवावीत आणि घरी जावं. हे मी तोंडानं बोलले नाही, पण मनात बोलले, आणि बोलता बोलताच मला कळलं की आपण किती हलकट विचार करतोय.

मी बीकर उघडला. अल्कोहोलनं काच धुतली, गोळी धुतली, आणि ते धुवण फेकून न देता मशीनला लावलं. मग फ्लास्क. मग गाळणीवर कुप्यांबरोबर बसलेला मोकळा गाळ वेगळा करून तोही. आठवडाभर मी फक्त मावशींचं बेसिन मोजत होते. ज्याला मी नव्व्याण्णव म्हणत होते ते खरं तर अठ्ठावन्न होतं. बाकीचं बरंचसं रोज मावशींच्या घासणीनं गटारात जात होतं.

सरांच्या केबिनच्या दारावर पाटी होती, 'दार ढकलू नये, ओढावे. ओढूनही उघडले नाही तर मी आत नाही असे समजावे.' मी ओढलं. दुर्दैवानं उघडलं.

कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. मावशींचा प्रश्न, माझी लपवाछपवी, टिश्यू पेपर, चांदीचा कागद. सर मध्ये एकदाही टोचून बोलले नाहीत, त्यामुळे मी जास्तच घाबरले. त्यांनी आकडे दोनदा वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही वजाबाकी तुम्हाला मी शिकवली."

"हो सर."

"आणि तुमच्याआधी अकरा जणांना." थोडं थांबून म्हणाले, "मला माझ्या सरांनी. म्हणजे घराणं चांगलं चालवलं आम्ही."

मला एकाएकी लख्ख दिसलं की माझं जाणार ते फार तर वर्ष-दीड वर्ष. त्यांची जाणार होती सगळी हयात. त्यांच्या प्रत्येक निबंधात ती वजाबाकी होती. मला त्यांची फार दया आली, आणि त्यांना ती दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"मावशींना बोलवा," ते म्हणाले.

मावशी ओले हात पदराला पुसत आल्या. त्या केबिनमध्ये बसायच्या नाहीत, दारातच उभ्या राहायच्या.

"मावशी, हे काचेला चिकटून राहतं, ते आताच की पूर्वीपासून?"

"आधीपासनं. आता पिवळं हाय म्हणून दिसतंय. मागल्या पोरांचं पांढरं असायचं, हाताला लागायचं चिकट."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं की. एकदा."

"मला?"

"तुम्हालाच. लई वर्सं झाली. तुम्ही म्हणालात, मावशी, तुम्हाला भांडी धुवायची हायेत का शोधनिबंध लिहायचाय? समदी पोरं हसली."

सरांनी आकड्यांचा कागद उलटा करून ठेवला. "मला आठवत नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं आठवंल. हसली ती तुम्हाला न्हाई."

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत, म्हणूनच ते जास्त लागलं. मलाही लागलं. 'ते वेगळं असतं' असं मी त्याच दारापासून दहा पावलांवर म्हणाले होते, आणि वर हसले होते.

सरांनी चष्मा पुन्हा लावला. "मग दुसऱ्यांदा का नाही सांगितलंत?"

"दुसऱ्यांदा सांगाया मी काय तुमची बायको हाय?"

"नाही," सर म्हणाले. "बायकोनं पाचव्यांदाही सांगितलं असतं."

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या, मीही हसले. सर हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग परतला. मावशी गेल्या, आणि त्यांनी मला बसायला सांगितलं.

"आता असं बघा. समितीला यातलं काही कळणार नाही. ही रीत सगळेच वापरतात. तुम्ही मला काही दाखवलं नाहीत, मी काही पाहिलं नाही. जूनमध्ये तुम्ही डॉक्टर, मी पेन्शनर. बाबा खूश. किंवा मग सगळं पुन्हा. कुणाच्या हाताखाली, किती दिवस, ते मला सांगता येणार नाही. मी नसेन."

खरं सांगते, मला वाटत होतं की त्यांनीच निर्णय द्यावा. 'जाऊ द्या हो' असं ते एकदा म्हणाले असते तर मी आनंदानं गेले असते. पण ते नुसते बघत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबा येत होते, पेपर खाली करून विचारणारे. मग मला दुसरंच काहीतरी दिसलं. जूनपर्यंत रोज मला त्या बेसिनवरून जायचं होतं.

"सर, मावशींना काय सांगू?"

"तेच तर," सर म्हणाले. "मीही मघापासून तोच विचार करतोय."

मार्चच्या सेमिनारला मी पहिली स्लाइड लावायच्या आधी सर उठले. समितीला म्हणाले की या मुलीचा आधी पाठवलेला आकडा चुकीचा आहे, खरा अठ्ठावन्न आहे, चूक तिची नाही, माझी आहे, आणि ती मी बऱ्याच वर्षांपासून करत आलो आहे. एक सदस्य फार सौम्यपणे म्हणाले की सर, एवढं ताणायची गरज नाही, सगळेच असं करतात. सर म्हणाले, "म्हणूनच म्हटलं, निवृत्त होण्याआधी वेगळं काहीतरी करावं."

मला मुदतवाढ मिळाली. घरी सांगताना मी तयारी केली होती, पण बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या बाई किती शिकल्यात?"

"सातवी."

बाबा उठून आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि म्हणाले, "मग बाइंडिंगवाल्याला थांबायला सांगतो." पुढे वर्षभर त्यांनी सबमिशनचा विषय काढला नाही. माझ्या बाबांचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

जूनअखेर सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं. जुलैच्या पहिल्या सोमवारी ते डबा घेऊन बसनं पुन्हा हजर. आता कॉलेजच्या कागदावर ते कुणीच नव्हते, म्हणून गेटवरच्या वॉचमननं त्यांना पाहुण्यांच्या वहीत सही करायला लावली. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'भांडी पाहणे'. पुढे वर्षभर ती वही उघडली की तेच. माझ्या नव्या मॅडम आधी बिचकल्या, मग त्यांनीही स्वतःची दोन भांडी आणून सरांपुढे ठेवली.

तेव्हा बेसिनपाशी जे दृश्य असायचं ते मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. सर बाह्या सरसावून अल्कोहोलनं फ्लास्क विसळत, आणि शेजारी मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "सायेब, गळ्यापाशी राहिलं. हितं बघा, हितं." सर म्हणायचे, "मावशी, तुम्ही गाईड म्हणून फार कडक आहात." मावशी म्हणायच्या, "तुमच्याच हाताखाली शिकले." मी मधे पडत नसे. मला तेल बदलायचं होतं, थेंबाचा वेग कमी करायचा होता, कवच जाड करून बघायचं होतं. प्रत्येक वेळी चारही ठिकाणचं मोजायचं, आत किती, काचेला किती, गाळणीवर किती, पाण्यात किती. चौदा महिने गेले. आतला आकडा एकाहत्तरपर्यंत गेला आणि त्यापुढे हलायला तयार होईना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय नव्हती, अंगण सरांनी स्वतः घासलेलं होतं.

मग खुली परीक्षा आली. पीएचडीच्या तोंडी परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं आणि प्रश्न विचारू शकतं, असा नियम आहे. प्रत्यक्षात कुणी विचारत नाही. विद्यार्थी मंडळी समोशासाठी येतात. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत, आई शेजारी. मागच्या रांगेत सर, आणि त्यांच्या बाजूला मावशी. त्यांना सरांनीच आणलं होतं. त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, केव्हाही उठून जाता यावं अशा.

बाहेरगावचे परीक्षक तासभर विचारत होते. मी बरी उत्तरं दिली. शेवटी अध्यक्षांनी हॉलकडे बघून विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही?" आणि उत्तराची वाट न पाहता कागद गोळा करायला घेतले.

मागून सरांचा आवाज आला. कमी ऐकू येत असल्यामुळे ते कुजबुजतात तेही सगळ्यांना ऐकू जातं. "विचारा. विचारा ना. आता कुणी हसत नाही."

मावशी उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून घेतला. अध्यक्षांनी कागद खाली ठेवले.

"त्यो तक्ता," मावशी म्हणाल्या आणि पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर माझा शेवटचा तक्ता होता, चारही ठिकाणचे आकडे. "सायबांनी वाचून दाखवला. आतलं, काचेचं, गाळणीचं, पाण्याचं, समदं मिळून चौऱ्याण्णव होतंय. बाकी सहा कुठं गेलं?"

हॉलमध्ये खरंच कुणी हसलं नाही. परीक्षकांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं आणि मनात बेरीज करताना त्यांचे ओठ हलले. तासाभरात हे त्यांनी विचारलं नव्हतं. माझ्या मॅडमनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच खूण केली. अशा वेळी वापरायचे शब्द आमच्याकडे तयार असतात. हाताळणीतील घट. प्रायोगिक त्रुटी. ते म्हटले की माणूस मान डोलावतो आणि खाली बसतो. ते शब्द माझ्या जिभेवर आलेही होते. बाबा माझ्याकडे बघत होते. सर बुटांकडे बघत होते.

"माहीत नाही, मावशी," मी म्हणाले. "मी खूप शोधलं. मला सापडलं नाही."

मावशी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली.

"मग तसं लिहा," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

परीक्षकांनी अहवालात पदवीची शिफारस केली आणि प्रबंधात एकच दुरुस्ती सुचवली. ती आता ग्रंथालयातल्या प्रतीत आहे, पाचव्या प्रकरणाच्या शेवटी. उरलेल्या सहा टक्के औषधाचा शोध लागला नाही, हा प्रश्न प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाईंनी उपस्थित केला. पुढे त्यांचं पूर्ण नाव आहे. मजकूर मी लिहिला. नावाचं स्पेलिंग तपासायला सर स्वतः प्रेसवर गेले होते.